हीप डंप धड हाती लागायला हवा असेल तर

जावाचं वेब ॲप्लिकेशन दर दोन-तीन दिवसांनी मंदावतं, मग अडकतं. कोणीतरी रिस्टार्ट मारतं आणि गाडी पुन्हा चालू. अशा वेळी ‘मेमरी तपासायला टूल कोणतं?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका शब्दाचं आहे: मॅट. म्हणजे एक्लिप्स मेमरी ॲनालायझर. मूळचं एसएपीमधलं, नंतर एक्लिप्सकडे आलेलं, आणि फुकट. ते चालवायला फार काही लागत नाही. घोडं अडतं ते त्याला द्यायच्या फाइलवर, म्हणजे हीप डंपवर: जावाच्या वस्तू जिथे राहतात त्या मेमरीचा (हीपचा) एका क्षणाचा फोटो. हीप डंप हवा त्या क्षणाचा, पूर्ण आणि उघडता येईल असा मिळणं हे यातलं निम्म्याहून जास्त काम आहे, आणि ते सर्व्हर पडायच्या आधी करून ठेवावं लागतं. रिस्टार्ट मारला की पुरावा गेला.

पण त्याच्याही आधी प्रोसेस कोणाच्या हातून मेली ते बघायचं. जेव्हीएमने (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेने) स्वतः ‘आउट ऑफ मेमरी एरर’ फेकला असेल तर लॉगमध्ये ती ओळ सापडते, आणि ओळीच्या शेपटीला काय लिहिलंय ते नीट वाचायचं. ‘जावा हीप स्पेस’ असेल तर हीप भरला. ‘मेटास्पेस’ असेल तर क्लासेस भरमसाट लोड झाले. ‘डायरेक्ट बफर मेमरी’ असेल तर हीपच्या बाहेरचा कोटा संपला, आणि हीप डंपमध्ये त्याचा मोठा आकडा दिसणार नाही. तिथे बफरच्या फक्त चिमुकल्या जावा वस्तू दिसतात. लॉग मात्र स्वच्छ आहे, शेवटची ओळ एखाद्या साध्या रिक्वेस्टची आहे आणि प्रोसेस गायब आहे, तर संशय लिनक्सच्या कर्नलवर घ्यायचा. कंटेनरमध्ये एक्झिट कोड १३७ येतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. नुसत्या १३७ वर विसंबू नका, कारण हेल्थ चेक चुकल्यामुळे जबरदस्तीने मारलेल्या कंटेनरचाही कोड तोच असतो. कुबरनेटिस (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) वापरत असाल तर पॉडच्या (तिथल्या कंटेनरच्या गटाच्या) वर्णनात कारणापुढे ‘ओओएमकिल्ड’ लिहिलंय का ते बघा. साध्या सर्व्हरवर ‘डीमेसेज’मध्ये ओओएम किलरची (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाची) नोंद सापडते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कर्नलने मारलं तर जेव्हीएमला डंप लिहायला क्षणभरही मिळत नाही. तुम्ही लावलेले सगळे पर्याय जागच्या जागी राहतात, फाइल तयार होत नाही, आणि लोक ‘डंपचा पर्यायच चालत नाही’ म्हणून वैतागतात.

कर्नलच्या हातून मरण येण्याचं नेहमीचं कारण साधं आहे: कंटेनरला २ जीबी आणि हीपलाही २ जीबी. हीप म्हणजे सगळी जेव्हीएम नव्हे. मेटास्पेसला मुळात वरची मर्यादाच नसते. कोड कॅशची जागा २४० एमबीपर्यंत जाऊ शकते. लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी १ एमबी राखलेला असतो (सगळा लगेच वापरला जात नाही, पण २०० थ्रेड असले की बेरीज जाणवते). डायरेक्ट बफरची मर्यादा वेगळी सांगितली नाही तर ती साधारण कमाल हीपइतकीच धरली जाते. त्यात नको झालेल्या वस्तूंचा कचरा गोळा करणाऱ्या कलेक्टरचा स्वतःचा हिशेब. म्हणून कंटेनरमध्ये हीपला एकूण मेमरीच्या ६० ते ७० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. ‘मॅक्स रॅम पर्सेंटेज’ नावाचा पर्याय त्यासाठीच आहे. काहीच सांगितलं नाही तर तो २५ धरला जातो, म्हणजे ४ जीबीच्या कंटेनरमध्ये जेमतेम १ जीबी हीप आणि बाकीची जागा बहुतेक रिकामी. हा पर्याय जावा १० मध्ये आला आणि जावा ८ मध्ये १९१ क्रमांकाच्या अपडेटपासून आहे. त्याहून जुनं जावा ८ कंटेनरची मर्यादा आपणहून बघत नाही, सरळ यजमान मशीनची रॅम मोजतं.

आता प्रत्यक्ष बसवणं. टॉमकॅट (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) असेल तर ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘सेटएन्व्ह’ नावाची शेल फाइल करायची (आधीपासून नसतेच) आणि पर्याय ‘कॅटालिना ऑप्ट्स’ या व्हेरिएबलमध्ये घालायचे, ‘जावा ऑप्ट्स’मध्ये नाही. कारण ‘जावा ऑप्ट्स’ टॉमकॅट थांबवण्याच्या कमांडलाही लागू होतं. ती कमांड स्वतःची छोटी जेव्हीएम उघडते, तिलाही ४ जीबीचा हीप मागायला लावायचं काय कारण? त्यात जेएमएक्सचा (बाहेरून देखरेख करायच्या सोयीचा) पोर्ट दिलेला असेल तर तो आधीच व्यापलेला असतो, आणि टॉमकॅट बंदच होत नाही.

त्यात दोन पर्याय घालायचे: ‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ आणि ‘हीप डंप पाथ’. पाथमध्ये फोल्डर द्या, फाइलचं नाव नको. ते फोल्डर आधीच तयार असलं पाहिजे. जेव्हीएम ते बनवत नाही. टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याला तिथे लिहिता आलं पाहिजे. रूटने फोल्डर बनवून मालकी बदलायला विसरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, आणि ती नेमकी पहाटे तीनला कळते. त्याच युजरने तिथे एक रिकामी फाइल बनवून बघायला दहा सेकंद लागतात.

डिस्कवर जागा कमाल हीपच्या दीडपट तरी ठेवा. हीप ८ जीबीचा म्हणजे फाइल जास्तीत जास्त ८ जीबीची, असं वाटतं. पण ३२ जीबीच्या आतल्या हीपमध्ये जेव्हीएम रेफरन्स (एका वस्तूने दुसरीचा ठेवलेला पत्ता) ४ बाइटमध्ये आवळून ठेवते आणि डंपमध्ये तेच ८ बाइटचे लिहिले जातात. त्यामुळे फाइल हीपपेक्षा मोठी निघू शकते. डिस्क मध्येच भरली की अर्धवट फाइल उरते, आणि लॉगही त्याच पार्टिशनवर असतील तर बाकीच्या सेवाही सोबत आडव्या होतात. डंपसाठी वेगळं पार्टिशन असलेलं बरं.

कंटेनरवाल्यांसाठी एक खास फजिती. आपोआप पडणाऱ्या फाइलच्या नावात प्रोसेसचा नंबर असतो, आणि कंटेनरमध्ये जावाचा नंबर बहुधा १. म्हणजे दर वेळी नाव तेच. जेव्हीएम आधीच्या फाइलवर लिहीत नाही. ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणून गप्प बसते. तीन आठवड्यांपूर्वीचा डंप तिथे पडून असेल तर आजचा मिळणार नाही. सुरू होणाऱ्या स्क्रिप्टमध्येच जुनी फाइल तारखेचं नाव देऊन बाजूला सारायची सोय करा.

सोबत ‘एक्झिट ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ही लावावा. मेमरी संपल्यावर लंगडत राहिलेली जेव्हीएम मेलेल्या जेव्हीएमपेक्षा वाईट: एखादा थ्रेड मरतो, बाकीचे चालू, पोर्ट उघडा, लोड बॅलन्सर निर्धास्त. हा पर्याय असला तरी डंप आधी लिहिला जातो, मग प्रोसेस बंद होते.

जीसी लॉगही (कचरा गोळा करण्याच्या नोंदी) चालूच ठेवायचा. ५ फाइल, प्रत्येकी २० एमबी, फिरत्या. याचं ओझं जाणवत नाही. त्यात फक्त एक गोष्ट शोधायची: पूर्ण कचरा गोळा झाल्यानंतर हीप कुठवर खाली येतो. दुपारी ६०० एमबी, रात्री ९००, सकाळी १.३ जीबी, आणि ट्रॅफिक तेवढाच, तर ही गळती, म्हणजे नको झालेल्या वस्तू सुटतच नाहीत. तळ ६०० वरच टिकून आहे आणि मध्येच एखादी उसळी थेट छताला जाते, तर गळती नाही, कुठली तरी एक रिक्वेस्ट अवाढव्य आहे. मॉनिटरिंगच्या स्क्रीनवरची करवतीच्या दातांसारखी रेघ बघून घाबरायचं कारण नाही. दातांची टोकं वर जाणारच. बघायचं ते दातांच्या बुडाकडे.

मरण्याची वाट न बघता हातानेही डंप घेता येतो. त्यासाठी जेडीकेमधलं (जावाच्या डेव्हलपर संचातलं) ‘जेसीएमडी’: त्याला प्रोसेसचा नंबर, ‘जीसी.हीप_डंप’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. पत्ता अर्धा दिला तर फाइल तुमच्या फोल्डरमध्ये न पडता त्या प्रोसेसच्या चालू फोल्डरमध्ये पडते आणि शोधत बसावं लागतं. जावा १५ पासून ‘जीझेड’ पर्याय दिला तर फाइल लिहितानाच आवळली जाते.

‘टार्गेट प्रोसेस नॉट रिस्पॉन्डिंग’ असा एरर आला तर प्रोसेस अडकली आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा युजर वेगळा असतो. टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच युजरने कमांड चालवा. तरीही तेच येत असेल तर सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस फाइल उघडून ‘प्रायव्हेट टेम्प’ चालू आहे का बघा. जेसीएमडी आणि जेव्हीएम एकमेकांना भेटतात ते टेम्प फोल्डरमधल्या एका लपलेल्या सॉकेटवर. सर्व्हिसचं टेम्प खासगी असेल तर दोघं दोन वेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांची वाट बघतात. अशा वेळी ‘एनएसएंटर’ने त्या प्रोसेसच्या माउंट नेमस्पेसमध्ये शिरून कमांड द्यायची.

कंटेनरची इमेज फक्त जेआरईची (नुसतं जावा चालवण्यापुरत्या संचाची) असेल तर तिच्यात जेसीएमडी नसतंच. ॲप्लिकेशन स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर असेल तर त्याच्या ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागाचा ‘हीपडंप’ एंडपॉइंट मदतीला येतो, पण तो बाहेरच्या जगाला उघडा ठेवणं म्हणजे घराची किल्ली दारालाच अडकवून जाणं. वेगळ्या पोर्टवर, लॉगिनच्या मागे, तेही गरज असेल तेव्हाच. आणखी एक: पर्याय ‘जावा टूल ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिले असतील तर तेच पर्याय जेसीएमडीलाही लागतात, कारण तोही जावाच. सुरुवातीचा हीप २ जीबी सांगितलेला असेल तर छोटंसं जेसीएमडीसुद्धा तेवढाच मागतं, आणि भरत आलेला कंटेनर तुमच्याच हातून मरू शकतो. जावा ९ पासूनचं ‘जेडीके जावा ऑप्शन्स’ फक्त ‘जावा’ कमांडला लागू होतं, ते वापरा.

डंप लिहिताना सगळे थ्रेड थांबतात. किती वेळ, ते हीप आणि डिस्कवर अवलंबून. मोठ्या हीपला आणि हळू डिस्कला मिनिटसुद्धा लागू शकतं. कुबरनेटिसमध्ये लाइव्हनेस प्रोबचे (कंटेनर जिवंत आहे का विचारणाऱ्या तपासणीचे) आकडे बदलले नसतील तर दर १० सेकंदांनी विचारणा, १ सेकंदात उत्तर हवं, आणि सलग ३ वेळा चुकलं की कंटेनर मारायचा. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, डंप अर्धा लिहून झालेला असताना, घाव बसतो. पॉडचं लेबल बदलून त्याला सर्व्हिसमधून बाहेर काढलं की ट्रॅफिक थांबतो आणि डिप्लॉयमेंट त्याच्या जागी नवा पॉड उभा करते, हे चांगलंच. पण प्रोब तरीही चालूच राहते. म्हणून प्रोबची चुकांची मर्यादा आधीपासूनच सैल ठेवावी लागते. फाइल ‘एम्प्टीडिर’मध्ये (पॉडच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये) ठेवलीत तर कंटेनर पुन्हा सुरू झाला तरी ती टिकते, पॉडच पुसला की तीही जाते.

डंप लॅपटॉपवर आणण्याआधी त्यात काय आहे याचा विचार करा. त्या क्षणी मेमरीत असलेली प्रत्येक स्ट्रिंग तिथे उघडी पडलेली असते: डेटाबेसचा पासवर्ड, सेशनचे टोकन, ग्राहकांचे मोबाइल आणि आधार नंबर. फुकट विश्लेषण करून देणाऱ्या वेबसाइटवर ती फाइल चढवणं म्हणजे सगळा डेटाच देऊन टाकणं. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण तो नसता तरी हे करायचं नव्हतं.

आता मॅट. नव्या आवृत्त्या चालायला जावा १७ किंवा पुढचं लागतं. डंप जावा ८ चा असला तरी चालतो. उतरवल्यावर पहिली गोष्ट: ‘मेमरी ॲनालायझर’च्या आयएनआय फाइलमध्ये मॅटचा स्वतःचा हीप वाढवा. मुळात तो १ जीबी असतो, आणि ६ जीबीचा डंप उघडायला गेलात की मेमरी तपासणारं टूलच मेमरी संपली म्हणून बसतं. ही ओळ ‘व्हीएमआर्ग्स’ या ओळीच्या खालीच हवी आणि प्रत्येक पर्याय वेगळ्या ओळीवर हवा, नाहीतर काहीही न सांगता दुर्लक्ष होतं. मॅकवर ही फाइल ॲपच्या पॅकेजच्या आत दडलेली असते.

लॅपटॉपच्या रॅमला डंप झेपणार नसेल तर मॅटसोबतची ‘पार्सहीपडंप’ स्क्रिप्ट जास्त रॅमच्या मशीनवर चालवा. ती खिडकी न उघडता सगळे इंडेक्स तयार करते. मग डंप आणि इंडेक्सच्या फाइल एकाच फोल्डरमध्ये आणल्या की लॅपटॉपवर उघडायला जड जात नाही.

फाइल ५ जीबीची आणि मॅट म्हणतं १.२ जीबी? डंप खराब नाही. कोणाच्याही हातात न उरलेल्या वस्तू मॅट आधीच गाळून टाकतं. पण हा आकडा स्वतःच एक खूण आहे: मेमरी संपली त्या क्षणाच्या डंपमध्ये जिवंत माल थोडाच असेल तर गळतीपेक्षा अचानक आलेल्या मोठ्या मागणीचा विचार आधी करा.

‘लीक सस्पेक्ट्स’ अहवाल आधी वाचावा, पण तिथे थांबू नये. खरं काम ‘डॉमिनेटर ट्री’मध्ये. तिथे दोन रकाने दिसतात. शॅलो हीप म्हणजे त्या वस्तूचं स्वतःचं वजन. रिटेन्ड हीप म्हणजे ती वस्तू गेली तर तिच्यासोबत जे जे मोकळं होईल त्या सगळ्याचं वजन. हॅशमॅप स्वतः ४८ बाइटचा आणि त्याने धरून ठेवलेलं ९०० एमबीचं, हे नेहमीचं चित्र. उलट हिस्टोग्राममध्ये (क्लासवार मोजणीत) सगळ्यात वर बाइटचे ॲरे आणि स्ट्रिंग असतात, निरोगी ॲप्लिकेशनमध्येसुद्धा. त्यावरून निष्कर्ष काढू नका. संशयित वस्तूवर राइट क्लिक करून ‘पाथ टू जीसी रूट्स’ निवडायचं आणि वीक, सॉफ्ट, फँटम असे सैल रेफरन्स वगळायचे. जी साखळी उरते ती वरून खाली वाचत गेलं की मुळाशी एखादं स्टॅटिक फील्ड किंवा थ्रेड सापडतो.

मुळाशी थ्रेड सापडला तर ‘थ्रेड ओव्हरव्ह्यू’ उघडा. कोणत्या थ्रेडने किती धरून ठेवलंय आणि त्याचा स्टॅक कुठल्या मेथडपाशी होता, हे तिथे शेजारी-शेजारी दिसतं. रिपोर्टच्या एक्सपोर्टने अख्खं टेबल लिस्टमध्ये ओतलं असेल तर ती मेथड, ती लिस्ट आणि तिच्यातल्या चार लाख ओळी तिथेच सापडतात. अशा वेळी कॅश, सेशन वगैरेंच्या मागे लागण्यात दिवस घालवू नये.

एक उदाहरण जवळून बघू. डॉमिनेटर ट्रीमध्ये टॉमकॅटच्या ‘एचटीटीपी ११ आउटपुट बफर’ या क्लासच्या शेकडो वस्तू, प्रत्येकीच्या पोटात बाइटचा एक ॲरे, आणि सगळ्या ॲरेंची लांबी बाइटभरही इकडे-तिकडे न होता १,०४,८५,७६०. ॲरे उघडला तर सुरुवातीला शे-दोनशे अक्षरांचे हेडर, पुढे नुसती शून्यं. इतका गोल आकडा डेटातून येत नाही, कोणीतरी लिहिलेला असतो. हे नेमके १० एमबी आहेत. घडतं असं: मोठ्या कुकीमुळे कोणाला तरी ‘रिक्वेस्ट हेडर इज टू लार्ज’ आलं, आणि ८ केबीची मर्यादा सरळ १० एमबी करून टाकली. टॉमकॅट हा आकडा नुसती वरची मर्यादा म्हणून न वापरता तेवढा बफर आधीच कापून ठेवतो. जिथे हा एकच आकडा दोन्ही दिशांना लागू होतो तिथे येणाऱ्या हेडरसाठी एक आणि जाणाऱ्यासाठी एक. २०० प्रोसेसर (टॉमकॅटच्या आतले रिक्वेस्ट हाताळणारे, सीपीयू नव्हेत) गुणिले २ गुणिले १० एमबी, म्हणजे ४ जीबी, एकही ओळ चुकीची न लिहिता. ही गळती नाही. रेघ चढते आणि एका उंचीवर सपाट होते, फक्त ती उंची तुमच्या हीपच्या वर असते. उपाय: १६ किंवा ३२ केबी, आणि कुकी एवढी का फुगली ते बघणं.

नेहमीच्या बाकी आरोपींमध्ये मर्यादा नसलेला स्टॅटिक मॅप पहिला. ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ न लिहिलेला क्लास मॅपमधली ‘की’ म्हणून वापरला असेल तर तर विचारूच नका. प्रत्येक शोध फसतो आणि प्रत्येक वेळी नवी नोंद पडते. हायबरनेट ५ (डेटाबेसशी बोलणारी जावा लायब्ररी) मध्ये ‘क्वेरी प्लॅन कॅश’ फुगलेली दिसली तर आतल्या क्वेरी वाचा. ‘इन’च्या कंसात कधी ३, कधी ४७, कधी ९१२ पॅरामीटर असतील तर प्रत्येक संख्येसाठी वेगळा प्लॅन साठतो, आणि कॅशची मर्यादा २०४८ प्लॅनची असते, बाइटची नाही. ‘इन क्लॉज पॅरामीटर पॅडिंग’ चालू केलं की संख्या २ च्या घातांकांवर येतात आणि प्लॅन मोजके उरतात. रिस्टार्ट न करता पुन्हा-पुन्हा डिप्लॉय होणाऱ्या टॉमकॅटवर मॅटमध्ये ‘वेबॲप क्लासलोडर’ (प्रत्येक डिप्लॉयला एक नवा बनतो) मोजा. ॲप्लिकेशन दोन आणि लोडर सात असतील तर पाच भुतं आहेत, आणि बहुतेकदा एखादा थ्रेड-लोकल किंवा न थांबवलेला टायमर त्यांना धरून बसलेला असतो.

ज्या सर्व्हरला काही सेकंदही थांबवणं परवडत नाही तिथे जावा फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे जेव्हीएममधलंच नोंदी ठेवणारं टूल. जावा ११ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला, जावा ८ मध्ये २६२ च्या अपडेटला आला. ‘प्रोफाइल’ सेटिंगवर चालू ठेवला तर दीर्घकाळ टिकलेल्या वस्तूंचे नमुने ठेवतो आणि त्या कोणत्या ओळीवर जन्मल्या तेही सांगतो. हीप डंप हे कधीच सांगत नाही. मात्र हे नमुने आहेत, पूर्ण शिरगणती नाही.

दुरुस्ती केल्यावर ती पटवून घ्यायला प्रॉडक्शनमध्ये आठवडाभर वाट बघायची गरज नाही. लॅपटॉपवर हीप मुद्दाम २५६ एमबीवर आणा, जेमीटरने (लोड टेस्टच्या टूलने) तीच रिक्वेस्ट हजारो वेळा मारा. आधी काहीशे फेऱ्या गरम होण्यासाठी सोडून द्या, मग ‘जीसी.क्लास_हिस्टोग्राम’ घ्या (तो आधी पूर्ण कचरा गोळा करूनच मोजतो, म्हणून प्रॉडक्शनवर उगाच चालवू नये), आणखी हजार फेऱ्या, पुन्हा हिस्टोग्राम. तुमच्या पॅकेजमधल्या एखाद्या क्लासची संख्या नेमकी हजाराने किंवा हजाराच्या पटीत वाढली असेल तर दुरुस्ती झालेली नाही.